चालक स्थिर धरला आहे

भूगाव,
४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,
नमस्कार.

रविवारी नीट बोलणं झालं नाही, पण मृण्मयीनं माझ्याबद्दल सांगितलं असेलच. वसतिगृहात आम्ही चार वर्षं एका खोलीत होतो. आता मी चाकणजवळच्या एका वाहन-चाचणी केंद्रात ब्रेक विभागात काम करते. तुम्हा बापलेकीत काय ठरलं तेही तिनं मला सांगितलं. रिह्याच्या घरी एकट्यानं राहायचं असेल तर तिनं आणून दिलेली मोठी एसयूव्ही तुम्ही चालवायची आणि जुनी स्पोर्ट्‌स कार विकायची. हे मान्य नसेल तर घराला कुलूप लावून तिच्याकडे वाकडला जायचं. तुम्ही म्हणालात, एसयूव्ही खरोखर बरी आहे हे कुणा जाणत्यानं लिहून द्यावं, मग मानीन. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तुमच्या गावचा विकास आमच्या सोसायटीत दूध घालतो, तो आणून देईल.

रविवारी दोन्ही गाड्या मी घोटावड्याच्या खिंडीपर्यंत नेऊन आणल्या. दोन्ही वेळा मीच चालवल्या, म्हणजे चालक स्थिर धरला आहे. त्यामुळे जो फरक दिसतो तो फक्त गाड्यांचा.

जुनी गाडी एकोणीसशे सदुसष्टची, वजन नऊशे किलोच्या आसपास. साठच्या वेगावरून थांबायला तिला चोवीस मीटर लागले, आणि थांबताना ती डावीकडे ओढते. पट्टे नाहीत, एअरबॅग नाहीत, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या दिशेनं येतो. तुम्ही ती उत्तम राखली आहे, पण राखल्यानं ती सुरक्षित होत नाही. नवी गाडी सव्वादोन टनांची, तरी सोळा मीटरांत सरळ थांबली. पुढं अडथळा दिसला तर ती स्वतःही ब्रेक लावू शकते. तिचे दोष असे: बॉनेट उंच आहे, नाकासमोर दोन मीटरांत बसलेलं माणूस चालकाला दिसत नाही. आणि तुमच्या घराकडे वळणाऱ्या बोळात दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते.

एवढं धरूनही निकाल एसयूव्हीच्या बाजूनं आहे. मी पक्षपात केलेला नाही. मला दोन्ही गाड्या फारशा आवडल्या नाहीत.

आपली,
धम्मदीपा


रिहे,
९ नोव्हेंबर

चि. धम्मदीपास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून असं वाटलं की शवविच्छेदनाचा अहवाल आला. फरक एवढाच, की मढं अजून चालतंय. तुझ्या आईला माझा जय भीम सांग. त्या पौडच्या दवाखान्यात नर्स होत्या तेव्हा त्यांच्या मोपेडची केबल माझ्या पिरंगुटच्या दुकानातून जायची. बाई भाव करत नसत, पण केबल डोळ्यांपुढं ताणून बघत. तू त्यांच्यावर गेलीस.

शब्द दिला होता, तेव्हा एसयूव्ही चालवतोय. जुन्या गाडीत मी रस्त्यावर बसायचो, हिच्यात दिवाणखान्यात बसतो. जुनी खड्डा लागला की कमरेला कळवायची. ही काही कळवतच नाही, आणि ज्याची गरज नाही ते सारखं बोलते. पट्टा लावा, दार लावा, झोप आली असेल तर चहा घ्या. तुझ्या काकूनं चाळीस वर्षांत एवढं टोकलं नव्हतं. शेजारचा गेणबा पहिल्या दिवशी बघायला आला. म्हणाला, "आबा, ह्यो हत्ती बांदणार कुटं? गोठ्यात तर मावत न्हाई." त्याची बायको लिलाबाई म्हणाली, "बांदायचं ऱ्हाऊ द्या, चढायला शिडी घ्या आदी."

फाटकाच्या खांबाला थोडं लागलंय. खांब जुनाच होता.

दोन शंका आहेत, इंजिनियर म्हणून उत्तर दे. हिच्यात दोनच पायपट्ट्या आहेत, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. त्यांच्यातलं अंतर वाढवून मिळतं का? आणि इंजिनाचा आवाज आत मोठा ऐकू येईल अशी काही सोय करता येते का? पैसे मी देईन. मृण्मयीला विचारू नकोस, ती हसेल.

हैबतराव


भूगाव,
१२ नोव्हेंबर

आदरणीय काका,

पायपट्ट्यांमधलं अंतर बदलता येत नाही, आणि बदलूही नये. ते अंतर बऱ्याच अभ्यासानं ठरलेलं असतं. आवाज वाढवण्याची साधनं बाजारात मिळतात, पण मी ती सुचवणार नाही. इंजिनाचा आवाज म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. इतकी वर्षं तो ऐकल्यामुळे आता चुकल्याचुकल्यासारखं होत असेल, हे मला समजतं. नव्या गाडीची सवय व्हायला तीनेक आठवडे जातात. रोज सकाळी घोटावड्यापर्यंत जाऊन या.

खांबाचा फोटो पाठवाल का? कुठल्या उंचीवर लागलं आहे ते पाहायचं आहे.

धम्मदीपा


रिहे,
२३ नोव्हेंबर

चि. धम्मदीपास,

तुझी सोळा मीटरांची गाडी काल गेणबाच्या खाचरात जाऊन थांबली. मी फाटकातून बाहेर काढत होतो. समोर बोळ, पलीकडं बांध, बांधाखाली भात कापून रचलेली उडवी. मी ब्रेक दाबला आणि गाडी पळाली. जेवढा जास्त दाबला तेवढी जास्त पळाली. बांध ओलांडून उडवीत शिरली. काचेवर सगळा पेंढा, आणि आतली ती बाई पट्ट्याबद्दल बोलतेय.

लिलाबाई उडवीच्या सावलीला बसून विळा पाजत होती. पाणी प्यायला म्हणून उठून विहिरीकडं गेली, तेवढ्यात हे झालं. विळा चाकाखाली सापडला. ती लांबून बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "आबा, मला उडवायचं व्हतं तर आदी हाक मारायची, मी बसून ऱ्हायले असते." सगळे हसले. मीही हसलो. मग तिनं माझ्यासाठी पाणी आणलं, पण जवळ येऊन तांब्या हातात देईना. लांबच खाली ठेवला.

विकासनं ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली. गेणबाचं भात भरून देतोय, तो विषय मिटला.

आता माझं ऐक. गाडीत बिघाड आहे. असं होतं म्हणून मी पेपरात वाचलंय. तू तसं मृण्मयीला लिहून दे: गाडी सदोष आहे, परत करावी, तोवर आबांनी जुनीच चालवावी. तुझ्या शब्दावर ती शंका घेणार नाही. उडवीबद्दल तिला अजून काही बोललो नाही, तूही बोलू नकोस. बोललीस तर घराला कुलूप. मला त्या वाकडच्या टॉवरात मरायचं नाही.

हैबतराव


भूगाव,
१ डिसेंबर

आदरणीय काका,

काल मी तुमच्याकडे येऊन गेले. तिथं बोलले नाही ते लिहिते आहे. समोर बोलले असते तर तुम्ही चहा पुढं केला असता आणि मी गप्प बसले असते.

गाडीत बिघाड नाही. सोबत आणलेलं यंत्र लावून मी दोन वेळा तपासलं. त्या क्षणी ब्रेक दाबलाच गेला नव्हता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला होता. गाडी स्वतः थांबू शकते असं मी लिहिलं होतं, ते अपुरं होतं. ॲक्सिलरेटर इतका जोरात दाबला की ती माणसाचं ऐकते. माणसाला काहीतरी चुकवून पुढं पळायचं असेल, असं ती धरते.

मग मी तुम्हाला जुन्या गाडीत बसवलं, इंजिन बंद ठेवलं, डोळे मिटायला लावले आणि ब्रेकवर पाय ठेवा म्हणाले. तुम्ही "ठेवला" म्हणालात. पाय ॲक्सिलरेटरवर होता. इंजिन चालू केल्यावर मात्र एकदाही चुकला नाहीत. आधी पाय हलकेच टेकवायचा, इंजिनाचा आवाज चढला की तो ब्रेककडे सरकवायचा, हे इतकं झटपट करत होतात की आधी माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही कानानं गाडी चालवता. नव्या गाडीत आवाज नाही, म्हणून तिच्यात तुम्हाला पाय कुठे आहे ते कळत नाही. तुमच्या दोन्ही शंकांचा अर्थ हा होता. मी त्यांना हळहळ समजले आणि तुम्हाला ऊर्जा वाया जाण्यावर चार ओळी लिहून पाठवल्या.

निघताना आपण ओसरीत बोलत उभे होतो, तेव्हा मी तुमच्या उजव्या पायावर माझा पाय ठेवला होता. पूर्ण वजन टाकून. तुम्ही आईची विचारपूस करत राहिलात. त्याबद्दल माफ करा, पण मला खात्री करायची होती. तुम्हाला मधुमेह आहे हे मृण्मयीकडून ठाऊक होतं. पायाची जाण गेली आहे हे तिला ठाऊक नाही, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे.

माझी चूक अशी. आमच्याकडे दोन गाड्यांची तुलना करताना चालक एकच ठेवतात, म्हणजे त्याचा परिणाम हिशेबातून जातो. मी दोन्ही गाड्या चालवल्या आणि ज्याला त्या चालवायच्या होत्या त्यालाच वगळलं. तुम्हाला गाडी चालवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं, तरी निकाल दिला.

लिलाबाईंना भेटले. त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आबांना सांगा, आमी आता वरल्या वाटंनं जातो."

मृण्मयीला तुम्ही सांगा. पुढच्या रविवारपर्यंत मी थांबते. तोवर दोन्ही किल्ल्या विकासकडे ठेवा, ही विनंती.

धम्मदीपा


रिहे,
३ डिसेंबर

धम्मदीपा,

तुला गाड्या तपासायला बोलावलं होतं. मला तपासायला नाही.

एसयूव्हीची किल्ली विकासकडं दिली. जुनीची देणार नाही. तिच्यात मला सगळं कळतं हे तू स्वतःच लिहिलंयस. सदतीस वर्षांत तिनं कुणाच्या कोंबडीला धक्का लावलेला नाही. भंगारातून आणली तेव्हा तिला मजला नव्हता, खालून रस्ता दिसायचा. तुझी काकू पाय वर घेऊन बसायची. तशी आम्ही ताम्हिणी चढलो आहोत.

घोटावड्याला औषधं, पिरंगुटला बँक, पौडला डॉक्टर. एसटी सकाळी जाते ती कधी येईल सांगता येत नाही. गाडी नाही म्हणजे रिहे नाही. तू एक वाक्य लिही, जुन्या गाडीत आबा ठीक आहेत. ते खोटंही होणार नाही.

हैबतराव


भूगाव,
५ डिसेंबर

आदरणीय काका,

ते वाक्य मी लिहून पाहिलं. रात्रभर टेबलावर होतं. पाठवणार नाही.

जुन्या गाडीत तुम्ही ठीक आहात ते कानांच्या भरवशावर. रविवारी विकास तुमच्याशी ओसरीखालून बोलत होता, तेव्हा तुम्ही त्याच्या ओठांकडे पाहत होता. त्याची पाठ वळली की तुमची उत्तरं थांबत होती. पायाचं काम कानांना दिलंत. कान थकले की ते काम कुणाला देणार? तेव्हा बांधापलीकडे कोण बसलेलं असेल ते मला आज सांगता येत नाही, आणि मला अस्वस्थ करतं ते हेच.

काल मी बुटांखाली जाड फोम बांधला, कानांत बोळे घातले आणि आमच्या बंदिस्त चाचणीपथावर गाडी चालवली. शेजारी सहकारी होता, त्याच्या बाजूला दुसरा ब्रेक होता. मला वाटलं होतं मी दोन-तीनदा चुकेन. मी पहिल्याच वळणावर चुकले, आणि चुकले आहे हे मला गाडी पळाल्यावर कळलं. पाय बरोबर जागी आहे याची तेव्हा पूर्ण खात्री होती. तुम्ही बिघाड म्हणालात ते मनापासून म्हणालात, हे मला तिथं पटलं.

मृण्मयी रोज विचारते, आबांना नवी गाडी जमते का. मी "तपासते आहे" म्हणते. तिच्याशी आजवर असं बोलले नव्हते. रविवारी संध्याकाळी मी तिला सगळं सांगणार आहे. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं राहील.

धम्मदीपा


वाकड,
२१ डिसेंबर

चि. धम्मदीपास,

मीच सांगितलं. तू दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, विकासच्या टेम्पोतून आलो, दुधाच्या कॅनांच्या मध्ये बसून. मृण्मयीनं आधी ऐकून घेतलं, मग खाली वाकून माझा पाय हातात घेतला आणि बोटं एकेक करून दाबत राहिली. "हे कळतं? हे?" मी हो हो म्हणत होतो. ती म्हणाली, "आबा, मी आता दाबलंच नव्हतं."

तुझ्यावर फार रागावली आहे. उडवीचं तू तिच्यापासून आठ-पंधरा दिवस लपवलंस म्हणून. मी म्हणालो की मीच बजावलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही कोणालाही बजावाल, तिनं ऐकायचं का?"

तर आता अकराव्या मजल्यावर आहे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. जाण गेली ती येणार नाही, आहे ती राखायची. डोळे आणि हात ठणठणीत आहेत असं तिघांनी सांगितलं, जणू बक्षीस देताहेत. सकाळी गॅलरीत उभा राहतो. खाली सगळ्या मोठ्याच गाड्या. वरून सगळ्यांची टपं सारखी, पांढरी. कुठलीही सुरू झालेली ऐकू येत नाही, एकदम हललेलीच दिसते. परवा मृण्मयी ऑफिसला गेल्यावर लिफ्टनं खाली उतरलो आणि रिक्षावाल्याला म्हणालो, रिह्याला चल. तो म्हणाला, "वो किधर आया?" मला सांगता येईना. म्हणजे सांगता येत होतं, पण हिंदीत खिंड कशी सांगायची? परत वर आलो.

तू बरोबर होतीस. बरोबर असण्याचं तुझ्याकडं पुढं काही आहे का?

हैबतराव


भूगाव,
११ जानेवारी २०२६

आदरणीय काका,

तुमचा शेवटचा प्रश्न वाचल्यापासून मी नीट झोपलेले नाही. उत्तर मिळेपर्यंत लिहिणार नव्हते.

ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी गाडीला हातानं चालवायचा दांडा बसवून मिळतो. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एकच दांडा: पुढं ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की वेग. पायपट्ट्यांवर झाकण येतं, म्हणजे पाय चुकून लागत नाही. भोसरीजवळ एक कारागीर ही कामं करतो. त्याच्या गाडीवर मी तीन रविवार शिकले. पहिल्या दिवशी हात दुखले आणि वळताना घाबरले. तिसऱ्या रविवारी बुटांना फोम, कानांत बोळे असा तोच प्रयोग त्याच्या आवारात केला. एकदाही चुकले नाही. हातांना माहीत होतं.

त्यासाठी गाडीला क्लच असता कामा नये. म्हणजे हे एसयूव्हीत होईल, जुन्या गाडीत होणार नाही. निकाल तोच राहिला, कारण मात्र माझ्या पहिल्या पत्रात नव्हतं. एअरबॅग आणि सोळा मीटर यांच्यामुळे ती तुम्हाला बरी ठरली नाही. तुमचा पाय तिला लागत नाही, म्हणून ठरली.

डॉक्टरांचा दाखला लागेल, गाडीच्या बदलाची नोंद लागेल, परवाना नव्यानं काढावा लागेल. मागच्या काचेवर अपंग चालकाचं चिन्ह येईल. तुम्हाला ते आवडणार नाही. गेणबा काय म्हणेल याचा विचार मीही केला. नाकासमोरचे न दिसणारे दोन मीटर तसेच राहतात, त्यासाठी पुढं कॅमेरा बसवू.

मृण्मयी माझा फोन घेत नाही. हे पत्र तिलाही दाखवा. नाही म्हणायचा हक्क तिला आहे.

धम्मदीपा


रिहे,
२० एप्रिल २०२६

चि. धम्मदीपास,
अनेक आशीर्वाद.

पत्ता वाच. दोनदा वाच.

परवाना मागच्या सोमवारी आला. त्याआधी दोन महिने दर शनिवार-रविवारी गेणबाच्या मोकळ्या खाचरात शिकलो. पहिले दोन दिवस दांडा उलटाच ढकलत होतो. लिलाबाई बांधावर उभी राहून बघायची, लांबच, पण बघायची. म्हणाली, "आबा, समदं हातानं करताय, मग पाय कशाला ठिवलेत? काडून द्या दानाला." काचेवरच्या चिन्हाबद्दल गेणबा काही म्हणाला नाही. तो गाडीजवळ आला, हातानं चिन्हावरची धूळ पुसली आणि गेला. त्यापेक्षा काही बोलला असता तर बरं झालं असतं.

जुनी गाडी मार्चमध्ये दिली. कोळवणच्या बाजूला फार्महाऊस घेतलेला एक तरुण डॉक्टर आहे, स्वतः हात काळे करणारा. तिला सुरू करायची युक्ती त्याला दाखवली, डावीकडं ओढते तेही सांगितलं. तो खिंडीकडं निघाला तेव्हा मी आत गेलो. विकास सांगत होता की आवाज बराच वेळ येत होता.

ही नवी अजून बडबडतेच. मला ती आवडत नाही, आणि आता आवडायची गरजही वाटत नाही. रात्री ओसरीतून दिसते तेव्हा अजूनही वाटतं, कोणाचा तरी ट्रक उभा आहे.

काल मृण्मयी आली होती. म्हणाली, खिंडीच्या पलीकडं फाट्यापर्यंत न्या मला, बघते; जमलं तर पुढं पुण्यापर्यंत. तिच्या हातात पूर्ण वेळ वरचं हँडल होतं. बोळातून निघालो तर लिलाबाई डोक्यावर भारा घेऊन समोरून आली. मी दांडा ढकलला, गाडी थांबली. तीही थांबली. मला वाटलं, वरल्या वाटेनं वळेल. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, आणि नाकासमोरून रस्ता ओलांडून गेली. अजिबात घाई केली नाही.

वाटेत मृण्मयीला म्हणालो, धम्मदीपाला लिहिणार आहे, काही सांगू का. ती खिंड उतरताना म्हणाली, "तिला सांगा, मला फोन करायला तिला मी सांगणार नाही." तुम्हा दोघींचं मला काही समजत नाही, पण ह्याचा अर्थ फोन कर असाच वाटला.

फाट्याला एसटी लागलेली होती. मृण्मयीनं पट्टा सोडला, पिशवी घेतली आणि उतरली. मी विचारलं, कुठं चाललीस, तुला पुण्याला सोडायचं ठरलं होतं ना? ती म्हणाली, "मी एसटीनं जाते. तुम्ही घरी जा, आबा." आणि गर्दीतून आत चढली. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी जागेवरच होतो. गाडी वळवायला जरा वेळ लागला.

एकटा खिंड चढलो, उतरलो, बोळातून आत आलो. खांबाला काही लागलं नाही. उतरलो आणि तिला फोन लावला, पोचलो म्हणून सांगायला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण बराच वेळ बोलत होती.

हैबतराव